रंगाला अडवणारा टाका

एरवी आपण टाका घालतो तो टिकावा म्हणून. फाटलेले सांधताना, झबल्याला किनार लावताना, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून गोधडी शिवताना सुईची सारी मेहनत त्यासाठीच असते. जपानमध्ये एक कला अशी आहे की तिच्यात हजारो टाके घातले जातात ते उसवण्यासाठी. आधी रेशमावर बारीक धावदोरा घालायचा. मग तो दोरा खेचून कापडाच्या चुण्या इतक्या घट्ट आवळायच्या की पाण्याला आत शिरायला वाट राहू नये. कापड रंगात घालायचे, वाफवायचे, धुवायचे, वाळवायचे आणि शेवटी एकेक टाका कापून काढायचा. तयार वस्त्रावर दोरा शोधूनही सापडत नाही. दिसतात ती फुले, पाने, ढग, डोंगर, आणि त्यातली प्रत्येक रेघ कधीकाळी तिथे असलेल्या टाक्यांनी आखलेली असते.

या कलेसाठी इत्चिकु कुबोता (१९१७–२००३) या तोक्योच्या रंगाऱ्याने आपले सारे आयुष्य दिले. चौदाव्या वर्षी शाळा सोडून ते कोबायाशी कियोशी या किमोनो-कलावंताच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. तिथे त्यांनी युझेन ही पद्धत शिकून घेतली. युझेनमध्ये तांदळाच्या खळीने कापडावर बारीक रेघा ओढतात आणि मधल्या जागा कुंचल्याने रंगवतात. खळीच्या बांधामुळे एक रंग दुसऱ्यात मिसळत नाही. ही कला अवघड आहे, पण तिचे नियम माहीत असलेले कारागीर होते, शिकवणारे होते आणि गिऱ्हाईकही होते. पोटापाण्याचा रस्ता सरळ होता.

विसाव्या वर्षी कुबोतांनी तोक्योच्या राष्ट्रीय संग्रहालयात कापडाचा एक जुना तुकडा पाहिला. तो सोळाव्या शतकाच्या आसपासचा, त्सुजिगाहाना नावाच्या शैलीतला होता. त्या तुकड्यासमोर ते कितीतरी तास खिळून उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ही कला पुन्हा जिवंत करायची, हे त्यांनी तिथेच ठरवले. ती शिकवू शकणारा एकही माणूस तेव्हा हयात नव्हता. सुमारे तीनशे वर्षांपूर्वीच ती लोपली होती.

एवढ्याशा तुकड्यात रंगाऱ्याच्या तयार डोळ्याला काय दिसते? आधी दिसतात सुईची भोके. रेशमातून सुई गेली की धागे किंचित बाजूला सरतात, आणि शतकांनंतरही ती वाट पुरती बुजत नाही. भोकांच्या ओळीवरून टाका केवढा होता आणि किती अंतरावर होता, ते कळते. मग दिसतात रंगाच्या कडा. कुंचल्याने ओढलेली कड एकसारखी असते. आवळलेल्या कापडाची कड श्वास घेतल्यासारखी असते: एके ठिकाणी रंग टाक्यापर्यंत येऊन थबकतो, शेजारी केसभर आत झिरपतो. त्यावर काळ्या शाईने हाताने काढलेल्या पानांच्या नाजूक शिरा आणि कुठेकुठे सोन्याच्या वर्खाच्या खुणा. काय केले होते, ते हा तुकडा सांगतो. दोरा किती ओढला, कापड रंगात किती वेळ ठेवले, ओले करून की कोरडे, यांबद्दल मात्र त्यात अवाक्षर नाही. कुबोतांना ते सारे स्वतःच्या बोटांनी शोधायचे होते.

त्सुजिगाहाना एके काळी जपानच्या सरदारांचे आणि त्यांच्या घरच्या स्त्रियांचे वस्त्र होते. तोयोतोमी हिदेयोशी या सत्ताधीशाने नान्बू नोबुनाओ नावाच्या सरदाराला दिलेला एक आखूड अंगरखा क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यावर पावलोनिया झाडाची पाने आणि बाण आहेत, आणि ते रंगवले आहेत टाके घालून, आवळून. तोकुगावा इएयासू या पुढच्या सत्ताधीशाची अशीच वस्त्रे नागोयाच्या तोकुगावा संग्रहालयात जपून ठेवली आहेत. लढायांत आयुष्य घालवणाऱ्या माणसांच्या अंगावर इतकी हळुवार वस्त्रे होती, याचे मला फार नवल वाटते. सतराव्या शतकात अभिरुची बदलली, भरतकाम आणि दाट ठिपक्यांची फॅशन आली आणि शतकाच्या अखेरीस युझेनने बाजी मारली. खळीने हवी तशी रेघ ओढता येत असेल, तर त्याच रेघेसाठी शेकडो टाके कोण घालील? म्हणजे जी पद्धत कुबोता गुरूकडे शिकले, तीच त्सुजिगाहानाच्या जागी येऊन बसली होती.

टाका रंगाला अडवतो कसा, ते आता पाहू. या कलेचा खरा चमत्कार त्यात आहे.

कापड रंगात बुडवले की रंगाचे पाणी धाग्यांमधल्या आणि धाग्यातल्या तंतूंमधल्या अतिसूक्ष्म फटींतून पुढे सरकते. दिव्याच्या वातीतून तेल चढते, त्यामागेही हेच बळ असते. फट मोकळी असेल तर रंग पोचतो. कापडावर धावदोरा घालून तो खेचला की चुण्या एकमेकींवर दाबल्या जातात आणि फटी मिटत जातात. शिवाय कापड आधी साध्या पाण्यात भिजवलेले असेल, तर उरलेल्या फटींत ते पाणी ठाण मांडून बसते. रंगाला ते पाणी लोटून पुढे जाता येत नाही. त्याला त्या पाण्यातून कणाकणाने पसरत जावे लागते आणि त्याला वेळ लागतो. रंगाचे कण आत पोचायच्या आत कापड बाहेर काढले की आतली जागा कोरी राहते. अडवणूक होते ती दाबाने आणि वेळेने. दोरा केवळ दाब धरून ठेवतो.

दाब सगळीकडे सारखा नसतो. टाक्याच्या अगदी लगत तो सर्वाधिक, आणि तिथून दूर जावे तसा कमी कमी. म्हणून रंगही एका रेषेवर तुटत नाही. गडदातून फिक्यात, फिक्यातून कोऱ्यात उतरत जातो. कुंचल्याने अशी उतरण साधायला हयात जाते. इथे ती दाबातल्या फरकामुळे आपोआप येते. कारागिराच्या हातात ती असते आणि नसतेही: दोरा किती ओढायचा ते तो ठरवतो, चुणी नेमकी कुठे पडेल ते कापड ठरवते.

समजा एक पान हवे आहे. पानाच्या बाह्यरेषेवरून काही मिलिमीटरांच्या टाक्यांचा धावदोरा घालायचा. दोरा दुहेरी असतो, एका टोकाला घट्ट गाठ, दुसरे टोक मोकळे. सगळी बाह्यरेषा शिवून झाल्याशिवाय दोरा ओढायचा नाही. ओढला की रेषा एका जागी गोळा होते आणि पानाच्या आतले कापड फुग्यासारखे एका बाजूला वर येते. आता दोन वाटा आहेत. तो फुगा जलरोधक आवरणात गुंडाळून वरून दोरी करकचून बांधली (पूर्वी बांबूच्या कोंबावरची साल वापरत, आता प्लास्टिक) आणि सगळे कापड रंगात घातले, तर रंगीत जमिनीवर पांढरे पान उमटते. उलट, फक्त तो फुगाच रंगात बुडवला तर पांढऱ्या जमिनीवर रंगीत पान. शिवण एकच, तिच्या आत काय आणि बाहेर काय, ते रंगारी ठरवतो.

जागा मोठी असेल तर फुगा बांधून भागत नाही. त्यासाठी जुन्या जपानी रंगाऱ्यांनी लाकडी पिंप वापरले. जे कोरे ठेवायचे ते कापड पिंपाच्या आत भरायचे, शिवलेली रेषा पिंपाच्या काठावर नेमकी बसवायची आणि जे रंगवायचे ते काठावरून बाहेर लोंबते सोडायचे. मग झाकण लावून दोरखंडाने आवळायचे आणि आख्खे पिंपच रंगाच्या हौदात बुडवायचे. आत कोरडे रेशीम, बाहेर चहूकडे रंग, आणि मध्ये फक्त काठावर दाबलेली एक शिवण! हे ज्याला पहिल्यांदा सुचले त्याचे नाव कुणी लिहून ठेवले नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते.

कुबोतांना हे सगळे शोधायला सलग वेळ मिळाला नाही. दुसऱ्या महायुद्धात त्यांना सैन्यात जावे लागले आणि युद्ध संपता संपता ते सोव्हिएत सैन्याच्या हाती सापडले. युद्धकैदी म्हणून काही वर्षे सायबेरियात गेली. त्या थंडीत, त्या उपासमारीत त्यांच्या मनात रुतून बसले ते तिथल्या मावळत्या सूर्याचे आकाश. पुढे त्यांच्या किमोनोंवर जी पेटलेली क्षितिजे दिसतात त्यांचे मूळ ते स्वतः त्या आकाशात सांगत. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ते मायदेशी परतले, आणि संसार चालवण्यासाठी पुन्हा युझेनकडे वळले. त्सुजिगाहानाचे काम पूर्ण ताकदीने हाती घेतले तेव्हा त्यांचे वय चाळिशीच्या घरात होते.

त्यानंतरची वर्षे प्रयोगांची आणि अपयशाची. मोठी अडचण टाक्यांची नव्हती, कापडाची होती. जुने त्सुजिगाहाना ज्या रेशमावर होत असे त्याचे नाव नेरिनुकी. ते समजून घ्यायला रेशमाच्या धाग्याकडे पाहावे लागते. कोशातून निघालेला धागा म्हणजे फायब्रॉइन नावाच्या प्रथिनाचे दोन तंतू, आणि त्यांना चिकटवून ठेवणारा सेरिसिन नावाचा डिंक. साबणाच्या किंवा राखेच्या गरम पाण्यात उकळले की डिंक सुटतो आणि रेशीम मऊ, झळाळते होते. डिंकासकटचा धागा ताठ आणि करकरीत असतो. नेरिनुकीत ताण्याचे उभे धागे डिंकासकट आणि बाण्याचे आडवे धागे डिंक काढलेले. त्यामुळे कापड पातळ असूनही ताठ, आणि तरीही चमकदार. असे कापड चुणी पडली की ती धारदार धरून ठेवते. टाक्याने रंग अडवायला याहून चांगले कापड नसेल. पण मागणी संपल्यावर ते विणणारे मागही थांबले होते. कुबोतांच्या काळात नेरिनुकी मिळत नव्हते.

१९६२ च्या सुमारास त्यांनी ठरवले की जुने त्सुजिगाहाना जसेच्या तसे करणे आपल्याने होणार नाही. विसाव्या वर्षी घेतलेला वसा पंचेचाळिशीत सोडून द्यायचा, तोही इतक्या वर्षांच्या मेहनतीनंतर. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सर्वांत मोठा क्षण हा आहे. त्या तुकड्यासमोर उभे राहणे याहून सोपे होते. पण ते थांबले नाहीत. नेरिनुकीऐवजी त्यांनी चिरिमेन हे क्रेप रेशीम घेतले, वनस्पतींच्या रंगांऐवजी कृत्रिम रंग घेतले आणि जे तयार झाले त्याला नाव दिले ‘इत्चिकु त्सुजिगाहाना’. आपले नाव पुढे लावले ते मिरवण्यासाठी नव्हते असे मला वाटते. हे जुने नाही, हे मी केलेले आहे, अशी ती प्रामाणिक कबुली होती.

चिरिमेन हे नेरिनुकीच्या अगदी उलट वळणाचे. त्याच्या बाण्याच्या धाग्यांना भयंकर पीळ दिलेला असतो, काहींना डावा, काहींना उजवा, आणि ते आळीपाळीने विणलेले असतात. विणताना डिंक तो पीळ धरून ठेवतो. विणून झाल्यावर डिंक उकळून काढला की सगळे पीळ एकदम सैल व्हायला धडपडतात, कापड आक्रसते आणि त्याच्या अंगावर बारीक वाळूसारखी खरबरीत लहर उठते. असे कापड जाड, लवचिक आणि ओले झाले की पुन्हा आक्रसणारे. बारीक रेघेसाठी ते त्रासदायकच. पण त्याच्या खरबरीत अंगावर प्रकाश एका दिशेने परतत नाही, त्यामुळे रंग खोल दिसतो. काही किमोनोंसाठी कुबोतांनी सोनेरी धागा विणलेले रेशीम वापरले. त्यावर रंगाचे पातळ थर दिले की खालून उजेड येतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. टाके सोडल्यावर रेशमावर चुण्यांचे उंचवटे राहतात, कारण दाबलेल्या अवस्थेत ओलावा आणि उष्णता मिळाली की प्रथिनाच्या रेणूंमधले हलके बंध सुटून नव्या आकारात पुन्हा जुळतात. कापड वाफेने ताणून सपाट केले तर हे उंचवटे निघून जातात. कुबोतांनी ते ठेवले. त्यांचा किमोनो जवळून पाहिला तर डोंगराला खरोखर सुरकुत्या असतात आणि पाण्याला खरोखर लाटा. पाहणारा चालत गेला की चित्रावरच्या सावल्या हलतात.

एक किमोनो करायचा कसा? आधी आराखडा. तो काढायला जपानी रंगारी आओबाना नावाच्या निळ्या फुलाचा रस वापरतात. हे फूल आपल्या पावसाळ्यातल्या केन्याच्या कुळातले. केन्याची भाजी खाणाऱ्यांना आणि शेताच्या बांधावर त्याची ती चिमुकली निळी फुले पाहिलेल्यांना हे ऐकून आनंद होईल. रस कागदात मुरवून वाळवून ठेवतात आणि लागेल तसा ओला करून त्याने रेशमावर रेघा ओढतात. पाणी लागताच तो निळा निघून जातो, मागे डाग राहत नाही. आखलेल्या प्रत्येक आकाराभोवती धावदोरा घालायचा, खेचायचा, बांधायचा. एक रंग द्यायचा, तो वाफेने पक्का करायचा, धुवायचे, वाळवायचे, सोडायचे. मग दुसऱ्या रंगासाठी पुन्हा शिवायचे, पुन्हा बांधायचे. कुबोतांच्या आकाशात जितक्या छटा, तितक्या वेळा हे चक्र फिरलेले असते. शेवटी शाईने बारीक रेखाटन. एका किमोनोला साधारण वर्ष लागे.

वाफेचे काम थोडे सांगितले पाहिजे. रेशीम हे प्रथिन आहे, आणि किंचित आम्लयुक्त पाण्यात त्याच्या साखळ्यांवर धन विद्युतभार असलेल्या जागा तयार होतात. रेशमासाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक रंगांचे रेणू ऋण भाराचे असतात. ते एकमेकांकडे ओढले जातात. पण रंग नुसता पृष्ठभागावर बसून चालत नाही, त्याला तंतूच्या आत शिरावे लागते. वाफेने तंतू फुगतो, आतल्या वाटा मोकळ्या होतात, रंग आत जातो. थंड झाल्यावर वाटा मिटतात आणि रंग आत कोंडला जातो. टाका बाहेरची दारे बंद करतो, वाफ आतली दारे उघडते.

आणि आता ती गोष्ट, जी समजल्यावर मी थक्क झालो. किमोनो एका अरुंद ताक्यातून शिवतात. ताक्याची रुंदी सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर, लांबी साधारण १२ मीटर. अंगाच्या दोन पट्ट्या, बाह्यांच्या दोन, पुढच्या पन्ह्याच्या दोन आणि गळ्याच्या दोन. कुबोतांच्या किमोनोवर एकच निसर्गचित्र पाठीवरून बाह्यांवर आणि खालच्या घेरापर्यंत पसरलेले असते. म्हणजे डोंगराचा उतार एका पट्टीवर सुरू होतो, शिवण ओलांडतो आणि दुसऱ्या पट्टीवर संपतो. अशा चित्रासाठी आधी किमोनो कच्च्या टाक्यांनी जोडून घेतात, त्यावर आराखडा आखतात आणि मग तो उसवून पट्ट्या सुट्या करतात. मग प्रत्येक पट्टी वेगळी शिवली जाते, आवळली जाते, रंगते, आक्रसते, पुन्हा ताणली जाते. एका पट्टीत टाके दाट असतील तर ती जास्त आक्रसते, दुसरी कमी. रंग वेगवेगळ्या दिवशी चढलेले असतात. आणि शेवटी या सगळ्या पट्ट्या पुन्हा जोडल्यावर डोंगराची रेघ शिवणीवर तुटता कामा नये, आकाशाची छटा बदलता कामा नये. रंगवताना यातले काहीही दिसत नसते. समोर असतो तो दोऱ्यांनी आवळलेला, गाठोड्यासारखा गोळा.

१९७७ साली, वयाच्या साठाव्या वर्षी, कुबोतांनी आपले किमोनो तोक्योत पहिल्यांदा प्रदर्शनात मांडले. तो तुकडा पाहिल्याला चाळीस वर्षे झाली होती. नंतर कौतुक वेगाने आले. १९९० मध्ये फ्रान्सने कला आणि साहित्यासाठीचा सन्मान दिला, १९९५ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. सन्मानांपेक्षा मला त्यांच्या साठीनंतरच्या हिमतीची गोष्ट अधिक सांगावीशी वाटते. एका किमोनोतल्या आठ पट्ट्यांवर एक चित्र सलग नेणे साधल्यावर त्यांनी ठरवले की आता चित्र एका किमोनोवरून दुसऱ्यावर न्यायचे. ‘प्रकाशाची सिंफनी’ ही त्यांची मालिका. किमोनो बाह्या पसरून शेजारी शेजारी टांगायचे आणि ऋतू एकातून दुसऱ्यात वाहत जायचे: शरदातला तांबडा हळूहळू करडा होत बर्फात शिरायचा. असे ८० किमोनो त्यांच्या मनात होते. वर्षाला एक असा हिशेब मांडला तर हे काम एका आयुष्यात मावणारे नव्हते, म्हणून त्यांनी कार्यशाळेत शिष्य तयार केले. २००३ मध्ये ते गेले तेव्हा त्यातले सुमारे ४० पुरे झाले होते. पुढचे काम त्यांच्या वारसांनी आणि शिष्यांनी चालू ठेवले, आणि त्यातली अट मोठी कडक आहे: नव्या किमोनोच्या कडेचा रंग आधीच्या किमोनोच्या कडेच्या रंगाशी जुळला पाहिजे.

१९९४ मध्ये फुजी पर्वताजवळ कावागुचिको सरोवराकाठी कुबोतांनी स्वतःचे संग्रहालय उभारले. मुख्य दालनाचे पिरॅमिडसारखे छत हजार वर्षांहून जुन्या झाडांच्या सोळा प्रचंड ओंडक्यांनी तोलले आहे. आणि बाहेरचे प्रवेशद्वार भारतातल्या एका जुन्या किल्ल्याचे लाकडी दरवाजे जुळवून केलेले आहे. फुजीला ते पुन्हा पुन्हा रंगवत राहिले: पहाटेचा, बर्फातला, सांजेला पेटलेला.

टाक्याने किंवा गाठीने रंग अडवण्याचे तंत्र कोणा एका देशाची मालकी नाही, याचेही आश्चर्य कमी नाही. जपानमध्येच नागोयाजवळच्या आरिमात्सु या वाटेवरच्या गावात १६०८ पासून सुती कापडावर हे काम चालत आले आहे. एदो (आजचे तोक्यो) ते क्योतो प्रवास करणारे लोक तिथे थांबून गाठ मारून रंगवलेली कापडे विकत घेत. जावा बेटावर टाके घालून खेचण्याच्या पद्धतीला त्रितिक म्हणतात. नायजेरियात योरुबा कारागीर निळीत रंगवायच्या कापडावर हाताने किंवा शिलाई मशीनने टाके घालून नक्षी आखतात. पेरूच्या कोरड्या वाळूत हजार वर्षांहून जुनी बांधून रंगवलेली वस्त्रे सापडली आहेत. इतक्या दूरदूरच्या हातांना हे आपापले सुचले असणार. कापड, दोरा आणि रंग हाती असले, तर कधीतरी कुणीतरी गाठ मारलेले कापड रंगातून काढते, सोडून पाहते आणि थांबते.

आपल्याकडे तर हे फार जुने. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ठिपक्यांची वस्त्रे दिसतात आणि ती बांधणीची असावीत असे अभ्यासक मानतात. कच्छ आणि जामनगरच्या बांधणीत सुई नसते. वाढवलेल्या नखाने किंवा टोकदार अंगठीने कापडाचा कणभर चिमटा उचलायचा, त्याभोवती दोरा गुंडाळायचा आणि दोरा न तोडता पुढचा चिमटा घ्यायचा. रंग फिक्याकडून गडदाकडे जातात: आधी पांढरे राखायचे ठिपके बांधायचे आणि कापड पिवळ्यात घालायचे, मग पिवळे राखायचे ते बांधून लालमध्ये, मग लाल राखायचे ते बांधून काळ्यात किंवा मरून रंगात. शेवटच्या रंगानंतर सगळे सुटते आणि चारही रंग एकदम समोर येतात. बांधणाऱ्या स्त्रीचे काम दिसते ते अशा वेळी, आणि बरेचदा तेव्हा कापड तिच्या हातातून केव्हाच पुढे गेलेले असते.

मराठी घरांत बांधणीची एखादी ओढणी किंवा साडी हमखास असते. ती उजेडात धरून भिंगाखाली पाहा. खऱ्या बांधणीचा ठिपका पूर्ण गोल नसतो. चौकोनाकडे झुकलेला असतो, आणि त्याच्या मधोमध बरेचदा रंगाचा कणभर बिंदू असतो, कारण चिमट्याचे टोक दोऱ्याबाहेर राहिलेले असते. कोणतेही दोन ठिपके अगदी सारखे सापडत नाहीत. उलट्या बाजूलाही रंग तितकाच खोल असतो, कारण कापड बुडवलेले असते. बोटांखाली ठिपक्यांचे कंगोरे लागतात आणि कापड आडवे ताणून सोडले की किंचित आक्रसून परत येते. छापील बांधणीत ठिपके एकाच साच्यातले, मागची बाजू फिकट, अंग सपाट. खात्री पटवायला दुकानदार कधीकधी गाठी न सोडलेले कापडच पुढे करतो. दोन माणसांनी दोन टोके धरून जोरात ओढले की दोरा तडतडत सुटत जातो आणि मुठीएवढा गोळा दोन्ही हातांच्या अंतरापलीकडे लांबतो.